मागच्या चाकांची जोडी

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं. ह्यांनी हात लांब करून गॅस बारीक केला. समर्थ माझ्या मांडीवर पीत होता, पाच महिन्यांचा. झाकणाच्या आवाजानं दचकून त्यानं क्षणभर तोंड सोडलं, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा धरलं.

"आज टायर घेऊनच येऊया," हे म्हणाले. "मागची जोडी पार गोटा झालीया. नदाफमामांना फोन करून ठेवलाय. समर्थचं डोसाचं काम झालं, की तसंच तिकडं."

"घ्या की. मी कुठं नको म्हणतेय?"

"मग तोंड कशाला सुपाएवढं झालंय?"

"टायर घ्या. पण सड्यावर जायचं न्हाई."

"झालं सुरू!"

"सुरूच हाय. वर्षभर सुरू हाय. तुम्हाला ऐकू येत न्हाई."

ते उठले आणि परसात तोंड धुवायला गेले. तांब्या नेहमीपेक्षा जोरात आपटल्याचा आवाज आला.

आमचं गाव डोंगराच्या पायथ्याला. वर सडा, म्हणजे मैलभर पसरलेला उघडा जांभा कातळ, आणि सड्याच्या पलीकडच्या अंगाला अकरा घरांचा धनगरवाडा. खालून वर जायला चार किलोमीटरचा रस्ता. त्याला रस्ता म्हणायचं ते आपलं मन राखायला. अर्धा मुरूम, अर्धा कातळ आणि तीन वळणं. तिसऱ्या वळणाला एका बाजूला भिंतीसारखा डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. आमची दीड टनी पिकअप रोज सकाळी त्या रस्त्यानं वर जायची. जाताना पेंड, रेशन, येताना दुधाची कॅनं आणि कुणाचं दुखलंखुपलं तर तो माणूस. दुसरी कुठलीच गाडी वर जात नव्हती. ॲम्ब्युलन्ससुद्धा खाली शाळेपाशी थांबायची.

आदल्या श्रावणात मी वाड्यावरच्या बारशाला म्हणून गाडीतून गेले होते. समर्थ पोटात होता, दुसरा महिना. येताना तिसऱ्या वळणावर गाडीचं ढुंगण कडेला घसरलं. "उतर," एवढंच हे म्हणाले. मी डोंगराच्या बाजूनं उतरले आणि वळून बघितलं. मागचं उजवं चाक हवेत होतं, सावकाश फिरत होतं आणि त्याच्याखाली कुठंतरी लांब, फार लांब, झाडांचे शेंडे होते. हे आत ब्रेकवर पाय ठेवून बसलेले. वाड्यावरची माणसं दोर घेऊन येईपर्यंत तसेच बसलेले. गाडी वर आल्यावर हसून म्हणाले, "बघ, आली का न्हाई?"

मला ते चाक काही केल्या विसरता येत नव्हतं. समर्थला पाजताना, भाकरी थापताना, कधीही ते फिरायला लागायचं.

"टायर झिजलं हुतं म्हणून घसरलं," हे नेहमी सांगायचे. "नवीन घातलं की काय होत न्हाई."

"टायरचा दोष न्हाई. रस्त्याचा हाय. रस्ता तर तोच ऱ्हाणार."

"मग त्या लोकांनी काय करायचं? दूध डोक्यावरनं आणायचं?"

"तुमच्या आधी कसं आणत होते?"

यावर ते गाडीची किल्ली उचलून बाहेर पडायचे.

नदाफमामांचं टायरचं दुकान कोल्हापुरात शिरतानाच लागतं. डोस टोचल्यामुळं समर्थ किरकिरत होता. मामांनी स्वतःची खुर्ची मला दिली.

"या वैनी! आज धाकट्या मालकाला घेऊन आलाय व्हय? बरं केलंसा. टायरची पारख ल्हानपणीच यायला पायजे, म्हातारपणी येऊन काय उपेग?"

त्यांनी तीन टायर आणून ओळीनं उभे केले आणि कलिंगड वाजवून बघावं तसं एकेकाला थापटत सांगायला लागले. "ह्यो बटणाचा. चिखलाचा राजा. खरं डांबरावर असा बोंबलतोय, की मेलेला उठून बसंल. ह्यो साधा, डांबरावरचा. लोण्यागत पळतोय, झिजत न्हाई, आवाज न्हाई. खरं चिखलात घातला की संपलं, मेंढरागत पाय मोडून बसतंय. आणि ह्यो मधला. कंपनी ऑल टेरेन म्हणती. आम्ही म्हणतो दोन्हीकडचा. सासरीबी नांदतोय, म्हायेरीबी नांदतोय."

"असली सून मिळाली तर बघा मामा," हे म्हणाले, आणि गुडघ्यावर बसून त्या तिसऱ्या टायरच्या नक्षीत अंगठा घालून खोली बघायला लागले. मग कडेला बोटं दाबून बघितली. "कातळाच्या धारंला कड फाटती आमची. ही टिकंल?"

"तुझा सडा फाटंल, ही न्हाई फाटायची."

"मग हीच जोडी चढवा. मी तोवर समोरनं स्प्रिंगच्या पाट्याचा बोल्ट घेऊन येतो."

ते रस्ता ओलांडून गेले. मामांनी जॅक लावला, मागची दोन्ही चाकं काढली आणि जुने टायर रिंगवरून उतरवून कडेला फेकले. मी समर्थला खांद्यावर घेऊन उभी होते. त्याचा गरम श्वास माझ्या मानेला लागत होता.

"मामा," मी म्हणाले, "ते नको. साधे चढवा."

"आँ? आमचा उत्तम तर आत्ता..."

"सवयीनं बोलले ते. घरनं निघतानाच ठरलंय आमचं. सड्यावरचं दूध सोडतोय आम्ही. आता डांबरावरचीच भाडी करायची."

इतकं सरळ, इतकं न अडखळता मी आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते.

मामांनी खिशातून मोबाइल काढला. "विचारतो एकदा. कसं हाय, एकदा रिंगवर चढवला की आम्ही परत घेत न्हाई."

"विचारा की. म्हणजे मी खोटं बोलतेय व्हय मामा?"

मामा ओशाळले. "तसं न्हवं वो वैनी," म्हणाले, आणि मोबाइल खिशात गेला.

हे परत आले तेव्हा दुसऱ्या चाकाचे नट आवळून होत आले होते. ह्यांनी टायरकडं बघितलं. सरळ, उथळ रेघा. मग माझ्याकडं बघितलं. मी समर्थच्या टोपड्याची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागले.

"वैनी म्हणल्या साधं ठरलंय तुमचं," मामा म्हणाले. पान्हा त्यांच्या हातात तसाच थांबला होता.

गाड्या जात-येत होत्या. ह्यांनी हातातला बोल्ट दोनदा वर उडवून झेलला.

"व्हय. मीच म्हणालो हुतो," हे म्हणाले. "इसरलो बघा. बायको हाय म्हणून बरं, न्हायतर एक दिवस डोकं रिंगसकट इसरून जायचा मी."

मामा खो खो हसले. मलाही हसल्यासारखं करावं लागलं.

परतताना आम्ही बालिंग्याचा पूल ओलांडला. गाडी खरोखर लोण्यासारखी पळत होती. समर्थ झोपला होता.

"मला सांगायचं होतंस," हे म्हणाले.

"सांगतच होते की. वर्षभर."

ऊस संपून डोंगर सुरू झाल्यावर ते म्हणाले, "बरं. पाऊस उघडंपर्यंत न्हाई जात वर."

मी खिडकीकडं तोंड केलं. रडू येत होतं ते त्यांना दिसू नये म्हणून.

पुढचे तीन आठवडे माझ्या संसारातले सगळ्यात सुखाचे होते, असं मी तेव्हा म्हटलं असतं. हे विटा, सिमेंट, भाजी अशी भाडी करायचे, दुपारी जेवायला घरी यायचे, समर्थला पोटावर घेऊन पडायचे. ते चाक माझ्या डोळ्यांपुढं फिरायचं थांबलं. वाड्यावरची माणसं दुधाची कॅनं डोक्यावरून खाली आणायला लागली.

त्यांत ठकूही होती, धुळू येडग्याची बायको. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पोट पुढं आलेलं, आणि चुंबळीवर दहा लिटरचं कॅन घेऊन ताठ चालायची. एकदा शाळेपाशी कॅन उतरवून ती कठड्यावर टेकली. मी तिला पाणी दिलं.

"काय वैनी," ती म्हणाली, "दादास्नी दाव्याला बांधून घातलंस म्हणं."

"बांधलंय खरं."

"घट्ट गाठ मारलीस. मला तर आमचा म्हातारा बोकड बांधाय येत न्हाई." ती हसली. तिचे दात फार सुंदर होते. "माझ्या येळंला तेवढं सोड हां. गौरी गेल्यावर दिस हाईत माझं."

"तवाचं तवा बघू," मी म्हणाले.

गौरी गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, धुळू आमच्या अंगणात आला. पायात काही नव्हतं. गुडघ्यापर्यंत लाल चिखल.

"दादा, गाडी काढ. पहाटंपासनं कळा देतीया, सुटंना झालीया. रगात जायला लागलंय."

हे जेवणाच्या डब्याचं झाकण लावत होते. डबा तसाच ठेवून त्यांनी किल्ली घेतली आणि चालता चालता ॲम्ब्युलन्सला फोन केला, शाळेपाशी येऊन थांबा म्हणून. त्यांनी मागच्या चाकांकडं बघितलं नाही. मी बघितलं.

"धुळू," ते गाडीत बसता बसता म्हणाले, "गाडी चढंल का न्हाई, मला सांगता येत न्हाई. खरं जाऊया."

मी समर्थला सासूबाईंच्या हातात दिलं आणि पदर खोचला.

"तू कुठं?" हे म्हणाले.

"मागं वजन लागंल."

त्यांनी गाडी सुरू केली.

पावसानं थोडी उघडीप दिली होती, पण रस्त्यावरनं पाणी वाहतच होतं. पहिला किलोमीटर गाडी कशीबशी गेली. पहिल्या वळणाला मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. हे खाली उतरले, काडेपेटीतली काडी घेऊन दोन्ही टायरांची हवा थोडी थोडी सोडली, म्हणजे टायर बसून जमिनीला जास्त चिकटतो. मग आम्ही तिघांनी कडेच्या गडग्याचे दगड उचलून हौद्यात टाकले, बरोबर मागच्या चाकांवर येतील असे. "तुम्ही दोघंबी दगडांवर उभं ऱ्हावा," हे म्हणाले. धुळू आणि मी हौद्याच्या आडव्या दांड्याला धरून उभे राहिलो. गाडी गुरगुरली, चिखल आमच्या डोक्यावरून उडाला आणि ती चढली.

"चल माझी बाय, चल," धुळू म्हणत होता. गाडीला की ठकूला, कोण जाणे.

दुसरं वळण गेलं. तिसऱ्याला कातळावर हिरवं शेवाळ होतं आणि वरून मुरमाचा लगदा वाहून आला होता. ह्यांनी गाडी थांबवली, मागं घेतली, आणि वेग घेऊन आले. अर्ध्यावर चाकं सुटली. गाडी हळूच, जणू कुणी हातानं ओढावी तशी, मागं घसरली. पुन्हा मागं घेतली. पुन्हा आले. या खेपेला मागचा भाग कडेकडं वळला.

"उतरा! दोघंबी उतरा!"

आम्ही उड्या टाकल्या. मी कातळावर गुडघ्यांवर पडले. मागचं चाक माझ्यापासून हातभर अंतरावर फिरत होतं. त्याच्या रेघा चिखलानं पार भरून गेल्या होत्या. जात्याच्या तळीसारखं गुळगुळीत, लालभडक, आणि कातळाला कुठंच धरत नव्हतं. कडा चार बोटांवर आला होता.

"तुम्हीबी उतरा!" मी ओरडले. "अवो उतरा! पाया पडते तुमच्या!"

ते उतरले नाहीत. त्यांनी आणखी एकदा जोर लावला. मग धुळूनं चाकामागं दोन मोठे दगड सारले, आणि इंजिनचा आवाज खाली आला.

"न्हाई चढत," हे दार उघडून म्हणाले.

"आदल्या साली चढली हुती की, दादा. ऐन आषाढात चढली हुती."

"चढली हुती."

धुळूनं एकदा ह्यांच्याकडं बघितलं आणि तो वर पळत सुटला. वाडा अजून पुढं किलोमीटरभर होता.

आम्ही दोघंच राहिलो. ह्यांनी गाडी इंच इंच पुढं-मागं करत, कडा सांभाळत, तोंड खाली करून उभी केली. मी दगड हौद्यातून बाहेर फेकले आणि करवंदीच्या, ऐनाच्या डहाळ्या तोडून आत पसरल्या. तिला पाठीखाली मऊ लागावं म्हणून. हात खरचटून रक्त आलं, ते बरं वाटलं. हे सारखं घड्याळ बघत होते. पाऊण तास झाला, तास होऊन गेला.

मग चौघांच्या खांद्यांवर बांबू आणि बांबूला बांधलेलं घोंगडं दिसलं.

ठकूचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिनं मला ओळखलं.

"आलीस व्हय," ती म्हणाली.

तिला हौद्यात ठेवलं आणि तिथंच, त्या डहाळ्यांवर, पोरगी झाली. बरोबर चालत आलेल्या धुळूच्या म्हाताऱ्या आईनं घोंगड्याचा आडोसा धरला होता. मी पोरीला हातांत घेतलं. ती लगेच रडली. ठकूनं मान वळवून बघितलं. माझं मनगट तिच्या मुठीत होतं. "लेक हाय," मी म्हणाले, "ठके, लेक हाय." घोंगड्याचा रंग बदलत चालला होता.

खाली उतरताना ह्यांनी गाडी अशी आणली, की आत पाण्याची वाटी असती तरी हिंदकळली नसती. शाळेपाशी ॲम्ब्युलन्स उभी होती. त्यातल्या सिस्टरनं झटपट सलाईन लावलं, पोरीला फडक्यात गुंडाळून माझ्या छातीशी दिलं. "ऊब द्या हिला." आम्ही निघालो. ऊस मागं पळत होता. मनगटावरची ठकूची मूठ सैल होत गेली ती मला कळत होती, आणि मी दुसऱ्या हातानं तिची बोटं पुन्हा पुन्हा मिटत होते.

तालुक्याच्या दवाखान्याच्या फाटकात सिस्टरनं ठकूच्या डोळ्यांवरून हात फिरवला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "अर्धा तास आधी मिळाली असती, तर..."

मी पायरीवर बसले होते. पोरगी भुकेनं ओरडत होती. मला दुसरं काही सुचलं नाही, मी तिला पदराखाली घेतलं. तिनं घट्ट धरलं, समर्थपेक्षा घट्ट.

मागून आमची पिकअप आली होती. धुळू रडत नव्हता. तो गाडीभोवती फिरला आणि मागच्या चाकापाशी उकिडवा बसला. नखानं टायरच्या रेघेतला चिखल खरवडून काढायला लागला. एक रेघ मोकळी झाली. सरळ, उथळ.

"दादा," तो म्हणाला, "ह्यो डांबरावरचा टायर न्हवं?"

"व्हय," हे म्हणाले.

"तुला आमचा सडा ठावं हुता. रोज येत हुतास. मग ह्यो कुणी घेतला?"

मी तोंड उघडलं. पदराखाली त्याची लेक घटाघटा पीत होती.

"मी," हे म्हणाले. "मी घेतला. चुकलं माझं, धुळू."

धुळूनं मूठभर चिखल उचलून ह्यांच्या छातीवर फेकला. ह्यांनी तो पुसला नाही. तसेच उभे राहिले. त्यांनी एकदा जरी माझ्याकडं बघितलं असतं, तर मी बोलले असते. असं मी आठ वर्षं स्वतःला सांगत आलेय. पण त्यांनी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच कोल्हापूरला गेले आणि दोन्हीकडची जोडी चढवून आले. तेव्हापासून पाऊस असो, काही असो, गाडी वर जाते. मी कधी नको म्हटलं नाही. आमच्या दोघांत त्या टायरांचा विषय पुन्हा निघाला नाही. धुळू आमच्याच गाडीतून येतो-जातो, पण पुढं कधी बसत नाही. जागा रिकामी असली तरी मागं हौद्यात उभा राहतो.

पोरीचं नाव सगुणा. दीड वर्ष माझ्या अंगावर प्यायली, मग आजीकडं वर राहिली, आणि शाळेसाठी पुन्हा आमच्याकडं आली. सोमवार ते शुक्रवार इथं, शनिवारी वर. समर्थशी कडाकडा भांडते. मला मावशी म्हणते.

गेल्या आठवड्यात मी ओट्यावर बसून तिच्या वेण्या घालत होते. नदाफमामांचा मुलगा टेम्पोतून टायर घेऊन आला होता. आता ते टायर घरपोच आणून देतात. हे अंगणात गुडघ्यावर बसले होते. एकेका टायरच्या नक्षीत अंगठा घालून बघत होते, कड दाबून बघत होते, उलटा करून पुन्हा बघत होते. दोन टायर त्यांनी परत पाठवले. सगुणा हनुवटी तळव्यावर टेकून ते सगळं बघत होती. तिचे केस माझ्या हातात तीन पेडांत होते.

"मावशी," ती म्हणाली, "बा म्हणतो, काकांनी तवा चुकीचं टायर घेतलं, म्हणून माझी आई गेली."

माझी बोटं थांबली.

"पण काका तर धा-धा येळा बघत्यात," ती मान वळवून माझ्याकडं बघत म्हणाली. "मग तवाच कसं चुकलं?"